निळी दिसली तर पास

१

गोदामाच्या मागच्या खोलीत आमचं काम चालतं. शाळांनी, कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर ट्रकातून येतात. आम्ही ते पुसतो आणि त्यांत नवी सिस्टीम घालतो. सगळे जुन्या पॉवरपीसी चिपवाले. दुकानात आता त्यांच्यासाठी काहीही मिळत नाही, म्हणून ही मोकळी सिस्टीम. ती कुणाच्या मालकीची नाही, कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी. मास्तर तिला धर्मशाळा म्हणतात.

मास्तर म्हणजे आमचे मालक. मला हे काम त्यांनी शिकवलं आणि त्यांच्याकडे मला आणलं माझ्या नणंदेनं. वन्सं तिथं माझ्या आधीपासून होत्या.

काम अवघड नाही, पण मन थाऱ्यावर असावं लागतं. सीडी घालायची, मशीन चालू करायचं. ते टंग करून वाजलं की ‘सी’च्या बटणावर बोट दाबून धरायचं आणि सीडी आत घरघरायला लागेपर्यंत सोडायचं नाही. नवखं माणूस नेमकं आधी सोडतं. मग मशीन जुन्याच सिस्टीमनं उठतं आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पडद्यावर येऊन बसतात. डिस्क पुसताना सुरुवातीचा चिमूटभर तुकडा वेगळा राखायचा. मशीननं उठायचं कसं, एवढंच त्यात असतं. तोच पुसला गेला तर आत सगळं जागच्या जागी असूनही मशीन उठत नाही. करड्या पडद्यावर फोल्डरचं चित्र येतं आणि त्यात एक प्रश्नचिन्ह लुकलुकत राहतं.

सुरुवातीला माझ्या हातून तसं झालं होतं. मास्तर येऊन बघून म्हणाले, “बाई, मारलंत की हो याला.” मग त्यांनी शेजारच्या मशीनचा तो तुकडा उचलून ह्याच्यात घातला. मशीन उठलं.

“असं चालतं?” मी विचारलं.

“न चालायला काय झालं? कधीकधी स्वतःला शेजारचं समजतं, तेवढं सोडा.”

वन्सं हसल्या. मीही हसले. नोकरी टिकली म्हणून हसले.

सगळ्यात शेवटी कॅमेरा. वायरीचा एक छोटा कॅमेरा प्रत्येक मशीनला लावून आपलं तोंड पडद्यावर बघायचं. ह्या चिपांना आकडे उलट्या बाजूनं वाचायची खोड आहे, असं मास्तर सांगतात, आणि कॅमेऱ्याच्या चित्रात ती खोड अशी उतरते की तांबड्याच्या जागी निळं येतं आणि निळ्याच्या जागी तांबडं. माणसाचं तोंड निळं दिसतं. म्हणून आमचा नियम साधा: निळी दिसलीस तर पास, कॅमेरा चालतोय. मग दुरुस्तीची एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की चेहरा माणसाच्या रंगावर येतो. ती ओळ मला तोंडपाठ आहे. तिचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

“काय निळूबाई, पास का नापास?” मास्तर रोज विचारायचे.

“पास, पास.”

असं चाललं होतं.

२

मी कामावर असताना माझी मुलगी शेजारच्या आजींकडे राहायची. आजींचा पाय मोडला आणि त्या लेकाकडे गेल्या. नवरा दूरच्या कामावर, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड दाखवणार. मी मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, “आणा की. वायरींपासून लांब ठेवा म्हणजे झालं.”

तिला आम्ही ठकी म्हणतो. हे नाव वन्संनी पाडलं. जन्मल्यापासून शांत, लाकडाच्या बाहुलीसारखी टकामका बघत बसायची, म्हणून ठकी. आता दोन वर्षांची होत आली होती. चालायची, खायची, “मम्मम” म्हणायची, चपला पळवायची. रडायची मात्र कमी. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. मला ते कधी नशीब वाटलं नाही. ज्या घरात मूल रडत नाही तिथं आई कान देऊन बसते.

ती मांडीवर असतानाच मी एका मशीनला कॅमेरा लावला. पडद्यावर आम्ही दोघी आलो. माझं तोंड निळं, मागची भिंत नेहमीसारखी, ठकीचा लाल फ्रॉक निळा.

ठकीचा चेहरा गव्हाळ.

मी आधी हसले. म्हटलं, बघा, हिच्यापुढं मशीनसुद्धा वाकलं. मग हसू तिथंच थांबलं. एकाच चित्रात फ्रॉक उलटतो, मी उलटते, आणि फ्रॉकातून वर आलेली मान आणि त्यावरचं तोंड मात्र जसंच्या तसं. तिनं हात हलवला. हातही गव्हाळ. माझ्या निळ्या हातावर तिचा गव्हाळ हात.

मी सवयीनं दुरुस्तीची ओळ टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवलं.

तेव्हा डोक्यात आलं. दुरुस्ती केली की सगळं उलटणार. निळं ते गव्हाळ होणार. मग जे आत्ताच गव्हाळ दिसतंय, ते काय होणार?

मी बोट उचललं. ठकीला खाली उतरवलं, टेबलाच्या पलीकडं बसवलं, आणि मग एंटर मारलं. माझं एकटीचं तोंड पडद्यावर नीट झालं. घाम फुटलेला तेवढा नवा होता.

३

माणूस स्वतःची समजूत घालायला किती लवकर तयार होतं! मी ठरवलं, खिडकीचा उजेड तिच्यावर तिरका पडला असेल. दुसऱ्या मशीनवर बघू.

दुसऱ्या मशीनवर तेच. दुसरा कॅमेरा लावला, तेच. खिडकीवर पोतं टाकलं, दिवा लावला. मी निळी, ती गव्हाळ.

कोपऱ्यात फरशी पुसायची निळी बादली होती. ती आणून कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर बादली तांबूस दिसली. म्हणजे मशीन बरोबर होतं, आपल्या खोडीशी इमानदार होतं. त्या पडद्यावर जे तांबूस दिसतं, ते इकडं निळं असतं.

मी वळून ठकीकडं बघितलं. ती बादलीच्या कडीशी खेळत होती. गव्हाळ, माझ्याच रंगाची, हनुवटीवर लाळ. मी तिच्या गालाला हात लावला. गाल कोमट होता. नखं बघितली, ओठ बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. तिला वाटलं खेळ आहे. तिनं माझीही जीभ ओढून बघितली.

दुपारच्या सुट्टीत नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं.

“कॅमेराच तो,” तो म्हणाला. “त्याला काय कळतंय?”

“कळत नाही म्हणूनच भीती वाटते. कळणारा खोटं तरी बोलतो.”

“तुझं डोकं फिरलंय. नीट जेवतेस का?”

“जन्मली तेव्हा काय झालं होतं हो?”

त्याच्या मागं कुठंतरी गाडीचं इंजिन चालू होतं.

“मी नव्हतो तिथं,” तो म्हणाला. “ताईला विचार.”

हे त्याचं नेहमीचं. सुखात तो असतो आणि दुःखात त्याची ताई.

४

सकाळी ठकीला न्हाऊ घालताना मी तिला इंचाइंचानं बघायला लागले. बगलेत, कानामागं, तळपायांवर. साबणाचा फेस ओघळला की वाटायचं, खाली काही दुसरंच दिसेल. काही दिसायचं नाही. मूल होतं, मुलासारखं ओलं आणि निसटतं.

तिचा जन्म मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. ती बाहेर आली आणि खोलीत आवाज झाला नाही. मी वाट बघत होते, सगळ्या बायका सांगतात तो पहिला टाहो कधी ऐकू येतो याची. नर्सच्या कोपराआडून मला एक डोकं दिसलं. त्याचा रंग मी विसरायचा ठरवला होता. वांग्याच्या सालीवर राख फासावी तसा. मग नर्सनं ते कपड्यात गुंडाळलं आणि दाराशी उभ्या वन्संच्या हातात दिलं, आणि दोघी बाहेर गेल्या. मला कुणी काही सांगितलं नाही. बाळंतिणीला कुणी काही सांगत नाही. तिनं फक्त पडून राहायचं.

पंख्याचा आवाज आठवतो. शेजारच्या खोलीत दुसरी एक बाई कण्हत होती, मग कण्हायची थांबली.

मग दार उघडलं आणि वन्सं रडणारं मूल घेऊन आत आल्या. लाललाल, मुठी आवळलेलं. “घे बाई,” त्या म्हणाल्या, “झाली एकदाची सुरू.”

सुरू झाली, म्हणाल्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण आंघोळीच्या टबाशी बसून तो शब्द मी किती वेळा तोंडात घोळवला! मला ते मशीन आठवायला लागलं. आत सगळं जागच्या जागी, फक्त उठायचं कसं तेवढं गेलेलं. आणि मास्तरांनी शेजारच्याचा उचलून घातलेला तुकडा.

मी डोकं झटकलं. मशीन ते मशीन, माणूस ते माणूस. पण विचार एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा नसतो, भाडेकरूसारखा असतो. जा म्हटलं तरी जात नाही.

५

चहाच्या वेळी मी वन्संना गाठलं. त्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. ठकी रिकाम्या खोक्यात बसली होती, फक्त केस दिसत होते.

“वन्सं, त्या दिवशी तुम्ही हिला घेऊन बाहेर गेलात. कुठं गेलात?”

“कुठल्या दिवशी?”

“माहीत आहे तुम्हाला.”

त्यांनी पट्टी दातानं तोडली. “दोन वर्षं झाली वहिनी. मूल खेळतंय समोर. आता काय उकरून काढतेस?”

“तिचा रंग निळा होता.”

“असतो कधीकधी. नाळ अडकते.”

“मग तुम्ही परत आणली तेव्हा?”

“परत आणली तेव्हा रडत होती. तुला काय रडणारी नको होती?”

“मधे काय झालं?”

वन्सं माझ्याकडं बघत होत्या. त्या बाईनं मला आयुष्यात टोमण्याशिवाय काही दिलेलं नाही. पोळ्या जाड म्हणून बोलल्या, माहेर हलकं म्हणून बोलल्या. पण त्या वेळी त्यांच्या तोंडावर टोमणा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

“मी नेलं ते मला ठाऊक आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मी आणलं तेही ठाऊक आहे. मधलं मला विचारू नकोस. मला तिथं उभं राहवलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.”

“नर्स काय म्हणाली?”

“कोण नर्स? ती मला जिन्यापाशी सोडून गेली होती.”

“मग मूल कुणाच्या हातात होतं?”

वन्संनी खोकं उचललं आणि त्या निघून गेल्या. ठकीनं आपल्या खोक्यातून डोकं वर काढलं, आणि तिनं माझ्याकडं नाही, त्यांच्या पाठीकडं बघून हात हलवला.

आईला सगळ्यात शेवटी सांगतात. आणि तेही अर्धंच.

६

दोन-चार दिवस मी ठकीला कॅमेऱ्यासमोर येऊ दिलं नाही. माझी चाचणी असली की तिला दारात बसवायचे. बघितलं नाही तर नसेल, असं काहीतरी माझं चाललं होतं. झाकली मूठ.

मग मास्तर नवी सीडी घेऊन आले. भलतेच खुशीत होते.

“निळूबाई, तुमचं नाव गेलं!” त्यांनी सीडी नाचवली. “खोड निघाली. जगात कुठंतरी कुणीतरी बसून फुकटात दुरुस्त केली बघा. आता ती ओळ टाइप करायची नाही, काही नाही. पहिल्यापासून रंग खरे.”

कुणीतरी. ना ओळख ना पाळख, आपल्या घरी बसून त्यानं माझी मूठ उघडली.

मास्तरांनी स्वतःच मशीन लावलं. ‘सी’वर बोट धरून बसले. सिस्टीम चढेपर्यंत मी ठकीला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिले. पोटात दुखतंय, घरी जाते, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू, मलाही कळायलाच हवं होतं. फक्त माझ्या डोळ्यांनी नको होतं.

कॅमेरा लागला. मास्तर पडद्याकडं बघून टाळी वाजवून हसले. “आहे की नाही! काळा का होईना, माणसाच्या रंगाचा. या हो ताई, बघा तोंड.”

“आरशात रोज बघते,” वन्सं जागच्या हलल्या नाहीत. “तेच पुरेसं आहे.”

टाळी ऐकून ठकी कडेवरून घसरली. मी तिचा फ्रॉक धरला होता, खरंच धरला होता. बोटं कशी सुटली ते मला सांगता येणार नाही. ती तुरुतुरु गेली आणि मास्तरांच्या दोन गुडघ्यांमधे जाऊन उभी राहिली, आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

माझ्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. मास्तरांचं तोंड दिसत होतं. त्यावरचं हसू गेलं नाही, ते तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं रिकामं झालं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, खाली ठकीच्या डोक्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं. मग त्यांनी दोन्ही गुडघे हळूच बाजूला घेतले. कपड्याला तिचा कपडा लागू नये असे.

ते बघून माझ्या छातीत जे झालं ते भीतीनं नव्हतं. माझ्या लेकीपासून कुणी गुडघे चोरले होते.

“कॅमेरा गेला वाटतं,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी वायर ओढून काढली. उठले. “मी जरा ट्रक बघून येतो. बाई, तुम्ही उद्यापासून… तुम्ही थोडे दिवस हिला घरीच ठेवा.”

बाहेर ट्रक नव्हता.

मी वन्संकडं बघितलं. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

७

मास्तरांच्या खुर्चीत मी बसले. ठकीला मांडीवर घेतलं. वायर उचलली.

“नको बघूस वहिनी,” वन्सं भिंतीकडूनच म्हणाल्या. “बघितलं नाहीस तर ती तुझीच आहे.”

“आणि बघितलं तर कुणाची?”

मी वायर लावली.

आधी माझं तोंड आलं. नीट, खऱ्या रंगाचं, झोप नसलेलं. मागची भिंत, वन्संची पाठ, लाल फ्रॉक लालच. सगळं जिथल्या तिथं. मग मी नजर खाली आणली.

तो रंग मी एकदाच बघितला होता, नर्सच्या कोपराआडून.

डोळे मिटलेले होते. ओठ एकमेकांना चिकटलेले. मान माझ्या दंडावर कलंडलेली. आणि इकडं, मांडीवर, ठकी ताठ बसून पडद्याकडं बोट दाखवत होती, “मम्मम, मम्मम” करत होती, पाय हलवत होती, तिची टाच माझ्या नडगीवर आपटत होती. तिकडचे ओठ हलले नाहीत.

मी किती वेळ बघितलं ते माहीत नाही. फार नसावं. कारण मला आणखी एकच गोष्ट दिसली. तिच्या पोटाभोवती माझे दोन्ही हात होते. पडद्यावर ते मनगटापर्यंत माझे होते. पुढं बोटं तिच्या रंगाची होती.

मी हात वर धरून बघितले. गव्हाळ. नखांत खोक्यांची धूळ.

मी वायर काढली.

“वन्सं,” मी म्हटलं, “तुम्ही मला दोन वर्षं सांगितलं नाहीत.”

“काय सांगणार होते? तू छातीशी घेऊन बसली होतीस. दूध आलं होतं तुला. आता काय करणार आहेस?”

मला त्यांचा इतका संताप आला की तो बाहेर पडायला वाटच मिळेना. नवऱ्याचा आला, त्या जिन्यापाशी सोडून गेलेल्या बाईचा आला, घरबसल्या फुकटात जगाचे रंग दुरुस्त करणाऱ्याचा आला. आणि जन्मलं तेव्हाचं माझं मूल, राख फासलेलं, ते कुठं ठेवलं होतं त्यांनी? त्याला कुणी मांडीवर घेतलं होतं का एकदा तरी? ते विचारायला तोंड उघडलं, तर ठकीनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. तिला कुणी दुसरीकडं बघितलेलं चालत नाही.

“काय करणार?” मी म्हटलं. “भूक लागलीय तिला.”

डब्यात दूध होतं, पाव होता. मी तुकडा भिजवून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तुकड्यासकट माझी बोटं ओठांत धरली. तोंड उबदार होतं, नेहमीसारखं. माझीच बोटं बधिर होत होती, नखांपासून वर, जशी थंडीत होतात तशी हळूहळू. ती चावली ते मला बघून कळलं, दुखून नाही.

वन्सं आता वळून बघत होत्या.

ठकीनं गिळलं, आणि तोंड पुन्हा उघडलं. मी दुसरा तुकडा भिजवला.